जातं अजून फिरतंय

"जातं गेलं, म्हणून ओवी गेली." हे वाक्य मी आजवर किती सभांत ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही. वक्ता हळहळतो, समोरच्या बायका माना डोलावतात, मग चहा येतो. इतरांच्या घरचं मी सांगत नाही, पण आपल्या घरांपुरतं तरी हे वाक्य खोटं आहे. पांढुर्ण्यात किंवा सौंसरला मुनिसंघ यायचा असला, चौका लावायचा ठरला, की माळ्यावरचं जातं खाली उतरतं की नाही? गिरणीचं पीठ चौक्यात चालत नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे आपल्यातल्या शाळकरी पोरीलाही पाठ असतं. म्हणजे जातं आहे. उजाडल्यावर दळायला बसणाऱ्या जावा-नणंदा आहेत. शोधून ठेवलेला गहू आहे. नाही ती फक्त ओवी. जात्याशेजारी मोबाईल ठेवलेला असतो, आणि त्यातून कुठल्या तरी जुन्या सिनेमाच्या चालीवर बसवलेलं हिंदी भजन चालू असतं. दोघी जणी खुंटा धरून समोरासमोर बसल्यात, आणि दोघींची तोंडं बंद.

मग ओवी कुणी नेली? जात्यानं तर नाही नेली.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे सरकार. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. १९५६ पूर्वी जे मध्य प्रदेश राज्य होतं त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तिथं राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे जिल्हे तिकडे गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्यासोबत आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही राहिला. कचेरी हिंदी झाली, शाळा हिंदी झाली, दुकानावरची पाटी हिंदी झाली. त्याच वर्षी घटनेत ३५० क हे कलम आलं. भाषक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं सोय करावी, असं ते सांगतं. ती सोय मागायचा हक्क आपला आहे, आणि तो मागितलाच पाहिजे. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मराठीचं काही तरी होईल. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा तर मोबाईलवर अभिनंदनाचा पूर आला. त्याच दिवशी, त्याच यादीत आपल्या आगमांची प्राकृतही होती, याकडे मात्र आपल्या मंडळात फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. असो.

पण मैत्रिणींनो, एक सांगा. जिल्हाधिकारी आपल्या स्वयंपाकघरात येऊन कधी म्हणाले होते का, की लेकराला "पाणी पे" म्हणू नका, "बेटा, पानी पी लो" म्हणा? कोणत्या परिपत्रकानं आपल्याला पाळणा म्हणायला बंदी केली? रात्री जेवणं उरकल्यावर (आपली तर दिवसाउजेडीच उरकतात, म्हणजे संध्याकाळ अख्खी मोकळी) कुठल्या कायद्यानं आपल्याला पुस्तक उघडू दिलं नाही? कचेरीची भाषा सरकारनं बदलली. पाळण्याची भाषा बदलली ती आपण घरच्यांनी.

का बदलली, हेही मला माहीत आहे. आपल्याला दोन्हीकडून हसतात. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा आला की आपलं "करून राहिली", "जाऊन राहिला", "मले", "कायले" ऐकून गालातल्या गालात हसतो. आणि इथल्या शाळेत पोरानं हिंदी बोलताना "ळ" काढला की तिथंही हसतात. मग आई ठरवते, नकोच ते. हिंदीच बोलू, निदान एकीकडून तरी हसणं थांबेल. पोर हिंदी बोलतं, इंग्रजी शाळेत जातं, आणि आजीचं बोलणं त्याला फक्त समजतं. समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. पाहुणे कौतुकानं म्हणतात, "बरं आहे, मराठी समजतं तरी!" समजण्यावर समाधान मानायचं असेल तर गोठ्यातल्या बैलालाही "हो" आणि "थांब" समजतं.

"करून राहिली" हे अशुद्ध आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी? नागपूर-वऱ्हाडाकडे गावंच्या गावं असंच बोलतात. पांढुर्ण्याहून जा की सौंसरहून जा, नागपूरच्या वाटेवर दोन्ही रस्ते सावनेरला एक होतात. राम गणेश गडकरींनी १९१९ साली शेवटचा श्वास घेतला तो याच सावनेरात. म्हणजे मराठीचं घर कुठं तरी सह्याद्रीपलीकडे आहे आणि आपण तिचे लांबचे नातेवाईक, असं समजायचं काही कारण नाही.

आता दुसरं उत्तर, जे मला जास्त टोचतं, कारण ते आपल्या समाजातून येतं. "आपल्या धर्माची भाषा हिंदी आहे." पूजा हिंदीत, प्रवचन हिंदीत, बारा भावना हिंदीत, पाठशाळेची पुस्तकं हिंदीत. तेव्हा मराठी ही भाजीबाजाराची भाषा. एका शिबिरात मी लहान मुलांना मराठीतून गोष्ट सांगायला लागले, तर एका कार्यकर्त्यानं मला सर्वांसमक्ष थांबवलं. "ताई, धर्म की बात है, हिंदी में बताइए." समोर बसलेल्या वीस मुलांपैकी पंधरा घरी आजीशी मराठीत बोलणारी.

ज्या धर्मात भगवंतांच्या समवसरणात पशुपक्ष्यांनासुद्धा उपदेश आपापल्या भाषेत समजतो असं आपण अभिमानानं सांगतो, त्या धर्माची एकच भाषा? महावीरांनी पंडितांची संस्कृत सोडून लोकांची अर्धमागधी घेतली, हे आपण पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतो. ते फक्त परीक्षेपुरतं शिकवतो काय? महाराष्ट्री प्राकृतात आपल्या आचार्यांनी केवढे ग्रंथ रचले. आणि मराठी ओवीचं म्हणाल तर पंधराव्या शतकात गुणदासांनी श्रेणिक राजाचं चरित्र ओवीतच लिहिलं. गुणकीर्तींनी 'धर्मामृत' लिहिलं ते साध्या मराठी गद्यात, श्रावकाला कळावं म्हणून. आपल्या जुन्या मराठी कवींच्या रचनांत 'नेमिनाथ पाळणा' आहे, 'रामचंद्र हळदुली' आहे. नावंच पाहा. एक पाळण्याशी म्हणायचं, एक हळदीच्या वेळी म्हणायचं. संसार सोडलेल्या, शास्त्र जाणणाऱ्या या माणसांना पाळणा आणि हळदीचं गाणं का लिहावंसं वाटलं? कारण त्यांना ठाऊक होतं की धर्म घरात शिरतो तो बायकांच्या गळ्यातून. कारंज्याच्या भट्टारकपीठांच्या भांडारात मराठी पोथ्या जपून ठेवल्या गेल्या, सोलापुरातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'जैन बोधक' मराठीत निघू लागलं, विद्याधर जोहरापूरकर आणि सुभाषचंद्र अक्कोळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे जुनं साहित्य शोधून छापून पुढे ठेवलं. आपण त्यातली एक ओळ तरी पोरांना ऐकवली का?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. १९५५ च्या सप्टेंबरात कुंथलगिरीवर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज सल्लेखनेत होते. अन्नत्याग झालेला, देह उतरत चाललेला. त्या अवस्थेत त्यांनी समाजाला जो अखेरचा उपदेश केला तो मराठीत केला. त्याचं ध्वनिमुद्रणही झालं आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी करणाऱ्या आचार्यांना शेवटचे शब्द बोलायला मराठी कमी पडली नाही, आणि आपल्या पाठशाळेला ती कमी पडते!

कुणी आचार्यश्री विद्यासागरजींचं नाव पुढे करतं. त्यांची मातृभाषा कन्नड. 'मूकमाटी' त्यांनी हिंदीत लिहिलं, हे खरंच. पण मुलांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं, हेही ते वारंवार सांगत. आपण त्यातलं "इंग्रजी नको" एवढं घोषणेपुरतं उचललं, मातृभाषेचं वाक्य सोडून दिलं, आणि पोरांना घातलं इंग्रजी शाळेतच.

हिंदीशी माझं भांडण नाही. भूधरदासांच्या बारा भावना मी स्वतः म्हणते, म्हणत राहीन. ज्यांची आजी बुंदेलखंडातून आली, ज्यांचे पणजोबा राजस्थानातून व्यापाराला आले, त्या घरांनी मराठीच बोलावं असा माझा हट्टही नाही. त्यांनाही मी विचारते, आजी बुंदेलीत जी लग्नगीतं म्हणायची ती तुमच्या सुनेला येतात का? नाही ना? म्हणजे तुमच्याही घरातून काही गेलंच. तुमच्या घरात बुंदेली, आमच्या घरात मराठी, दोघींच्या जागी आली ती टीव्हीवरची हिंदी, जी कुणाच्याच आजीची नाही.

भुलाबाईचंच घ्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत नागपूर-वऱ्हाडाकडे संध्याकाळी पोरी घरोघर जमायच्या, गाणी म्हणायच्या, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. खिरापत ओळखण्याच्या त्या खेळात पोरी किती पदार्थांची, किती चवींची नावं शिकायच्या! आंबट, तुरट, खमंग, खुसखुशीत... आजच्या पोरीला विचारा, सगळ्याला एकच शब्द, "टेस्टी". आपल्या घरांतून भुलाबाई गेली त्याचं कारण आपल्यातले जाणते सांगतात, "ते मिथ्यात्व आहे, शंकर-पार्वतीचं आहे." ठीक आहे, मानलं. मग नवरात्रात त्याच घरातल्या पोरी भाड्याचा घागरा घालून अंबेभोवती गरबा करतात तो काय सम्यक्त्व आहे? त्याला कुणी काही म्हणत नाही, कारण तो शहरी आहे, त्याचे फोटो छान येतात. भुलाबाई मागासलेली, म्हणून मिथ्यात्व. खरं कारण धर्म नाही, लाज आहे. धर्माला मध्ये घेऊ नका. नेमिनाथांचा पाळणा म्हणून खिरापत ओळखा, कोण अडवतं?

ओवीचं मोठेपण मला विद्वानांच्या भाषेत सांगता येणार नाही. एवढं सांगते की ती तयार मिळत नाही, ती बसल्या बसल्या करावी लागते. पहिली देवाला, दुसरी गुरूला, तिसरी आईबापाला, मग भावाला, मग हळूच स्वतःच्या दुःखाला. एकीनं अर्धी म्हटली की दुसरीनं पुरी करायची. निरक्षर बाईसुद्धा त्यात आपलं गाव, आपल्या भावाचं नाव, सासरचा जाच बरोब्बर मापात बसवायची. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये या ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बहुतेक जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मोबाईलवरचं भजन कितीही गोड असो, त्यात तुमच्या भावाचं नाव घालता येत नाही.

वाचनाचंही तसंच. मनात वाचणं वेगळं, घरात मोठ्यानं वाचणं वेगळं. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. दुपारी आम्ही गहू शोधायला बसलो की त्या चष्मा लावून पुस्तक घ्यायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. पुराण संपलं तर 'श्यामची आई', ते संपलं तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या भागाशी आल्यावर सासूबाई थांबल्या, जरा विचारात पडल्या, आणि म्हणाल्या, "बाई खरं बोलते, वाचू पुढं." माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, गव्हातले खडे आपल्या वाटीत जमवत बसायचा. त्याला कुणी मराठी शिकवली नाही. ती त्याच्या कानावर पडत गेली. "हिरमुसणं", "उसासा", "ओशाळणं" असले शब्द तो न विचारता वापरायला लागला. पाठ्यपुस्तकाखालच्या शब्दार्थातून हे होत नाही.

आणि स्वाध्यायाची सवय तर आपल्याला आहेच! एकानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, अडलं तिथं थांबून विचारावं, ही रीत आपल्या मंदिरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दुसऱ्या समाजांना ती नव्यानं लावावी लागेल. आपल्याला फक्त मंदिरातून घरी आणायची आहे.

ती आणायची कुणी, असं विचारलं की सगळे आयांकडे बघतात. इथं मला पुरुषांना दोन शब्द सांगायचे आहेत. भाषा टिकवायची जबाबदारी बाईची, आणि मराठी संमेलनाच्या मंचावरची खुर्ची तुमची, हा कुठला न्याय? दुकान मिटवून आल्यावर मोबाईलवर बाजारभाव आणि राजकारण बघायला दीड तास असतो, तर पोराला मांडीवर घेऊन चार पानं वाचायला पंधरा मिनिटं का नसावीत? बापाच्या आवाजात ऐकलेली गोष्ट पोरं जन्मभर विसरत नाहीत. आजोबांनी वाचावं, काकांनी वाचावं. आई त्या वेळी पाय पसरून ऐकेल. तिलाही ऐकायचा हक्क आहे.

हे सगळं मी इतकं तावातावानं का लिहिते आहे? दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एक आजी आजारी होत्या. ऐंशीच्या पुढच्या. डॉक्टरांनी आशा सोडलेली, त्यांनी स्वतःच एकेक पदार्थ सोडत आणलेला. घरच्यांनी सेवेत काही कमी केलं नाही. नात रोज उशाशी बसून बारा भावना वाचायची, छान सुरात वाचायची. एक दिवस मी तिथं असताना आजी म्हणाल्या, "पोरी, आपल्या बोलीत सांग ना व." नात थांबली. अनित्य, अशरण, संसार, एकत्व, सगळ्यांचा अर्थ तिला येत होता. परीक्षेत पहिली आलेली मुलगी. पण "एकत्व" म्हणजे काय ते आजीच्या बोलीत सांगायला तिच्याजवळ वाक्यच नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मग मी सांगितलं, जमेल तसं, की आजी, आली तेव्हा एकटीच आली व्हती ना, आता जाणंही एकटीचंच, सोबत काही येत नाही. आजींनी डोळे मिटून घेतले आणि हळूहळू मान हलवली. नात दाराशी जाऊन रडत होती. त्या पोरीचा काय दोष? तिला ते कुणी दिलंच नव्हतं.

आपल्या सगळ्यांच्या घरात अशी एक आजी आहे. उद्या त्या जागी आपणच असू. आपल्याला ज्या भाषेत समजतं, त्या भाषेत आपल्या उशाशी बोलणारं कुणी असेल का, हे आजच्या पाळण्याशी ठरतं.

"आम्हाला ओव्या येतच नाहीत," असं तरुण सुना म्हणतात. नसू देत. मोहल्ल्यात ज्या म्हाताऱ्या आहेत, मग त्या तेल्याच्या असोत, कुणब्याच्या असोत, त्यांच्याकडे जा, चाल ऐकून घ्या, वहीत उतरवा. कोणी गायलं, कुठलं माहेर, तेही लिहा. फक्त कृपा करून त्याची स्पर्धा लावू नका. आपल्या मंडळांना प्रत्येक गोष्टीची स्पर्धा करायची खोड आहे. तीन बक्षिसं, एक उत्तेजनार्थ, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचं.

यंदाच्या दशलक्षणात दहा संध्याकाळी आहेत. नऊ तुमच्या हिंदीला घ्या. एक संध्याकाळ, क्षमा-धर्माची म्हणा, मार्दवाची म्हणा, मराठीत वाचन होऊ द्या, आणि वाचायला एखाद्या दुकानदार भाऊंना बसवा. मंडळाच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. विरोध होईल, तयारीनं जाणार आहे. आणि पुढच्या वेळी चौका लागेल तेव्हा दळायला मी माझ्या घरचं जातं काढणार. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून यायचं. खुंट्याला दुसरा हात लागतो, तेव्हा एक जण तरी या. येताना गव्हाचा डबा आणि भावाचं नाव घेऊन या.